ठिपकेवाल्या बाई

खोली बघायला येणारी माणसं आधी नळ सोडून बघतात, मग खिडकी उघडतात, मग भाड्याचं विचारतात. बाई आल्या त्या सरळ माझ्या टीव्हीपाशी गेल्या. टीव्ही चालू होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, काचेला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या आणि एक डोळा मिटून बघत राहिल्या. मी शिलाई मशीनवरून म्हटलं, "अहो, आत कोणी नाही." त्या वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या टीव्हीत लाल कमी पडतोय. निळे ठिपके ठीक आहेत, हिरवे ठीक आहेत. लाल दमलेत." मग सरळ उभ्या राहून त्यांनी पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला, "वरच्या खोलीत प्लगला अर्थिंग आहे का?" भाडं मीच सांगितलं. त्या हो म्हणाल्या आणि संध्याकाळी एक ट्रंक आणि तीन खोकी घेऊन राहायला आल्या.

आमचं घर जेलरोडला. खाली मी आणि माझं ब्लाऊज शिवायचं दुकान, वर एक खोली. नवरा गेल्यावर ती खोली मी भाड्याने द्यायला लागले. मी चौथी शिकलेली. पाचवीला घालायच्या ऐवजी मला शिलाई मशीनवर बसवलं, ती अजून बसलेलीच आहे. बाई मुलींच्या एका प्रशिक्षण केंद्रात कॉम्प्युटर शिकवायच्या. वय पस्तिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, माहेर सटाण्याकडचं. त्यांना चांगलं नाव होतं, पण गल्लीत ते कोणी वापरलं नाही. टीव्हीची गोष्ट मी चार गिऱ्हाइकांना सांगितली आणि त्या ठिपकेवाल्या बाई झाल्या. समोरच्या काकूंनी आठवड्यात मला विचारलं, "एवढ्या शिकलेल्या, मग लग्न का नाही हो केलं?" मी म्हटलं, "जिना तिकडे आहे. वर जाऊन विचारा." काकू गेल्या नाहीत.

बाईंना स्वयंपाकाची आवड नव्हती. आईने पाठवलेलं ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ असायचं, त्याच्या दोन भाकरी आणि ठेचा, की झालं जेवण. भाकरी मात्र गोल व्हायची, अगदी गोल. मी एकदा म्हटलं, "भाजी नाही, आमटी नाही, आणि भाकरी कंपासने काढल्यासारखी." त्या म्हणाल्या, "मावशी, कड वाकडी दिसली की माझं जेवणात लक्ष लागत नाही." ही बाई कशी होती हे मला तिथेच कळायला हवं होतं.

त्यांचं काम काय हे समजायला मला महिना लागला. समजलं ते माझ्या भाषेत सांगते, चुकलं असेल तर शिकलेल्यांनी सुधारून घ्यावं. केंद्राला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या ऑफिसातले अठरा कॉम्प्युटर दान मिळाले होते. कॉम्प्युटर चालवायला आत एक कारभारी लागतो, त्याला सिस्टिम म्हणतात. जगात काही माणसं असे कारभारी तयार करतात आणि फुकट वाटतात. आतलं सगळं उघडं ठेवतात, कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं. बाईंच्या बोलण्यात असे दोन यायचे. एक मोठा, नावाजलेला. दुसरा साधा, कमी खाणारा, फारसा कोणाला माहीत नसलेला. मी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायला लागले, मग बाईही तसंच म्हणायला लागल्या.

ते अठरा कॉम्प्युटर अशक्त होते, त्यांना धाकटाच झेपायचा. पण त्यांच्यात चित्र काढणारी जी चिप होती तिच्याकडे स्वतःची मेमरी नव्हती. चित्र काढायचं झालं की ती कारभाऱ्याला म्हणायची, मला एवढी जागा वापरायला दे. थोरला द्यायचा. धाकट्याला तिचं मागणंच कळायचं नाही. त्यामुळे धाकट्यावर इंग्रजी अक्षरं तेवढी उमटायची, चित्र काही यायचं नाही. थोरल्याला जे येतं ते धाकट्याला शिकवायचं, हे बाईंनी अंगावर घेतलेलं काम.

"नसलं चित्र तर नसलं," मी म्हटलं. "मुलींना काय सिनेमा बघायचाय?"

"मावशी, मराठी अक्षर हे कॉम्प्युटरच्या लेखी चित्रच. इंग्रजी अक्षरांचे साचे त्याच्याकडे तयार असतात. आपला 'क्ष' त्याला काढून दाखवावा लागतो."

तेव्हा माझी सुई थांबली. केंद्रातल्या मुली सुरगाणा, पेठ, कळवण अशा भागांतल्या. भाताची लावणी करून आलेल्या, काही तर बापाबरोबर द्राक्षाच्या बागांत मजुरीला जाऊन आलेल्या. इंग्रजी त्यांना माझ्याइतकंच येत होतं. मराठी टायपिंग शिकून कुठेतरी टेबलापाशी बसायचं, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या. पडद्यावर मराठी येत नसेल तर त्यांनी त्या डब्यांसमोर बसून काय करायचं?

केंद्राचे प्राचार्य वाईट नव्हते. त्यांना खोली हवी होती. त्यांनी बाईंना सांगितलं होतं, "मॅडम, मे संपायच्या आत मराठी दिसलं तर लॅब राहील. नाही दिसलं तर भंगारवाल्याला बोलावतो आणि त्या खोलीत ब्यूटी पार्लरचा वर्ग काढतो. त्याला तरी मुली येतील." यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

मी विचारलं, "मग थोरल्याचीच एखादी जुनी आवृत्ती घाला ना. जुनी कमी खात असेल."

बाई म्हणाल्या, "घालता येईल. पण त्यात मराठी धड नाही." मग वही उघडत, "आणि मावशी, धाकट्यात हे एवढं एकच कमी आहे." यातलं पहिलं कारण होतं आणि दुसरा हट्ट होता. मी दोन्ही लिहून ठेवते.

त्यांची काम करायची एक रीत होती, ती मी फार बघितली. थोरल्याचं लिखाण कागदावर छापून आणलेलं असायचं, दोन्ही बाजूंना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर. बाई एक पान वाचायच्या. दोनदा, तीनदा वाचायच्या. मग ते पान जमिनीवर पालथं घालायच्या, वर चष्म्याची डबी ठेवायच्या, आणि मग स्वतःच्या वहीत लिहायला घ्यायच्या. मध्येच अडलं तरी पान उलटायचं नाही. मी म्हटलं, "फुकट वाटलेलं आहे ना? मग उतरवून का घेत नाही?" त्या म्हणाल्या, "दोघांच्या वाटायच्या अटी वेगळ्या आहेत. याचं तसंच्या तसं त्याच्यात नाही घालता येत. समजून घ्यायचं आणि आपल्या हाताने लिहायचं. आणि कोणाचं वाचून समजलं त्याचं नाव वर द्यायचं." मला हे आवडलं. आमच्या धंद्यात लोक दुसरीने शिवलेलं ब्लाऊज उसवून कागदावर ठेवतात, पेन्सिल फिरवतात, आणि डिझाईन माझं म्हणून सांगतात.

स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बाई परदेशातल्या एका माणसाला पत्र पाठवायच्या. थोरल्याचं ते काम त्याने केलेलं होतं. एकदा त्यांनी चांगलं दोन पानी पत्र लिहून आपली अडचण कळवली. चार दिवसांनी उत्तर आलं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, माझ्याकडे चालतंय."

"बस्स?"

"बस्स."

"मग काय मुलींना त्याच्या घरी नेऊन बसवायचं?"

बाई हसल्या. पण जिना चढताना त्यांचं बडबडणं मला ऐकू आलं, "हाई काय शे! हाई काय शे!" राग आला की त्या सटाण्याच्या व्हायच्या. एरवी बोलणं अगदी पुस्तकातलं.

एप्रिलमध्ये त्यांनी अठरातला एक कॉम्प्युटर घरी आणला. त्याची डिस्क बिघडलेली होती. चांगला हलवायला परवानगी नव्हती. तो फ्लॉपीवरून चालू व्हायचा, आणि फ्लॉपी इतकी गच्च भरलेली असायची की त्याने पडद्यावर दाखवलेलं कुठे साठवून ठेवायची सोय नव्हती. दिसलं ते बघायचं, बंद केलं की गेलं. सकाळी बाई केंद्रात जाऊन नवी फ्लॉपी बनवून आणायच्या आणि दुपारी घरी ती चालवून बघायच्या.

मेच्या मध्यावर पहिल्यांदा चित्र आलं. बाईंनी मला हाक मारून वर बोलावलं. पडद्यावर त्यांच्या वर्गातल्या मुलींच्या नावांची यादी मराठीत उमटली होती. अनिता, कमल, जना, ताराबाई. वरचे दोन हिस्से स्वच्छ, जोडाक्षरंसुद्धा स्वच्छ. खालच्या तिसऱ्या हिश्श्यात मात्र नुसत्या चिंध्या. काळ्या-हिरव्या पट्ट्या, आणि त्यांत अक्षरांचे तुकडे. मी म्हटलं, "खालच्या मुलींचं काय झालं?" बाई म्हणाल्या, "तेच शोधायचंय."

शोधायची रीत अशी. कारभारी चिपला जागा देतो त्याची एक यादी असते, एका ओळीत आठ आकडे, अशा जवळजवळ चारशे ओळी. केंद्रातल्या एका कॉम्प्युटरवर थोरला कसाबसा, रखडत चालवून त्याने दिलेल्या जागेची यादी बाईंनी छापून आणली होती. ती बरोबर. धाकट्याची यादी पडद्यावर दिसायची. दोन्हीकडे मुद्दाम मेमरीतली तीच जागा राखली होती, म्हणजे ओळीला ओळ जुळायला हवी. न जुळेल तिथे चूक. पण कागदावरून मान उचलून पडद्याकडे बघेपर्यंत ओळ हरवायची. एक वाचणारी आणि एक बघणारी, अशा दोघी हव्या होत्या.

"मावशी, तुम्ही वाचाल का?"

"मला इंग्रजी येत नाही."

"आकडे येतात ना? तुमच्या टेपवर इंग्रजीच आकडे आहेत. वर फक्त सहा अक्षरं शिकायची. ए ते एफ. सातवं लागतच नाही."

मला वाटलं थट्टा करतात. पण खरंच सातवं अक्षर त्या चारशे ओळींत कुठे नव्हतं. दुपारी दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात मी दोन दिवसांत सहा अक्षरं शिकले. बी, डी, ई कानाला सारखीच लागायची, म्हणून मी बटणाचा बी, दोऱ्याचा डी आणि इस्त्रीचा ई असं करून टाकलं. साठीला आलेल्या बाईने शिकायला सहा अक्षरं म्हणजे फार नाही. मला फक्त आधी कोणी सांगितलं नव्हतं की सहावर थांबता येतं.

वाचायला बसल्यावर पहिल्याच दिवशी मी बाईंना माझा नियम लावला. मी माप घेते तेव्हा मी बोलते आणि दुसरी लिहिते. लिहिणारीने लिहायच्या आधी आकडा परत बोलायचा. मी "छाती चौतीस" म्हटलं की तिने "चौतीस" म्हणायचं, मग लिहायचं. एका नवरीचं ब्लाऊज या एका गोष्टीपायी मी लग्नाच्या सकाळी उसवलेलं आहे, तेव्हापासून हा नियम. बाईंना तो फार पटला. मी कागदावरून बोलायचे, "शून्य, एक, बटणाचा बी, तीन..." त्या पडद्यावर बोट फिरवत तेच परत बोलायच्या. खाली रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटत असेल वर दोघी पोथी लावून बसल्यात.

आता माझी चूक सांगते. आमच्यात शिवणीत दाबायला अर्धा इंच कापड जास्त ठेवतात, त्याला माया म्हणतात. माप सांगताना माया कोणी बोलत नाही. ती दर वेळी अर्धाच इंच, बोलायचं काय त्यात? माझ्या हातातल्या कागदावर प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा एक होता. पन्नास ओळी एक, शंभर ओळी एक. तिसऱ्या दिवशी मी तो बोलणं सोडून दिलं. ठरवून नाही, आपोआप. मी सात आकडे बोलायचे, बाई सात परत बोलायच्या, आम्ही पुढच्या ओळीवर. वेग वाढला, दोघींना बरं वाटलं. चारशे ओळी एका दुपारी व्हायला लागल्या. आणि सगळ्या जुळत होत्या. रोज जुळत होत्या, आणि रोज खालच्या मुलींच्या चिंध्या.

आठ दिवस असे गेले. बाईंनी यादी बरोबर आहे असं धरलं आणि दुसरीकडे शोधायला लागल्या. पडद्याची रुंदी, रंगांची सोय, काय काय बदलून बघितलं. रात्रीचं जेवण सोडलं. वीज चारनंतर तीन-तीन तास जायची, तेव्हा त्या माझ्या दुकानात येऊन काजं करायला बसायच्या, कारण त्यांना हात रिकामे ठेवता येत नव्हते. काजं चांगली करायच्या, मी गिऱ्हाइकांना तीच दिली. प्राचार्यांनी भंगारवाल्याला सोमवार सांगितला. शुक्रवार उजाडला तेव्हा बाईंचे डोळे इतके सुजले होते की पडद्याकडे बघवत नव्हतं.

म्हणाल्या, "मावशी, आज उलट करू. मी कागद वाचते, तुम्ही पडदा बघा. बघू काय होतं ते. उद्यापासून मी सोडून देणार आहे."

त्या वाचायला लागल्या. त्यांना माझी सवय नव्हती, त्यांनी आठही आकडे वाचले. मी परत बोलत होते. अडीचशेच्या पुढे कुठेतरी त्या म्हणाल्या, "...चार, शून्य, शून्य, एक."

मी म्हटलं, "चार, शून्य, शून्य, शून्य."

"एक, मावशी."

"इथे शून्य आहे."

त्या उठून आल्या. पडद्याला नाक लावलं. पुढची ओळ बघितली, त्याच्या पुढची बघितली. तिथून खाली सगळ्या ओळींच्या शेवटी शून्य होतं.

"हे कधीपासून आहे?"

"मला काय माहीत? पडद्यावरची यादी मी आज पहिल्यांदा बघतेय." असं म्हणताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि मी ते गिळलं नाही. म्हटलं, "शेवटचा आकडा मी बोलतच नव्हते. दर वेळी एकच असायचा, म्हणून सोडून दिला. चूक माझी."

बाई वही घेऊन पडद्यासमोर बसल्या. मी खाली आले. वरून काहीच आवाज येत नव्हता, सटाण्याचासुद्धा नाही. मला वाटलं, या आता खोली सोडणार, आणि सोडली तर बरोबरच आहे. अठरा कॉम्प्युटर, चाळीस मुली, आणि आठ दिवस मी खाल्लेले. मी एका ब्लाऊजचा गळा लावायला घेतला आणि उलटा लावला.

पाचच्या सुमाराला त्या खाली आल्या. तोंड धुतलेलं होतं. स्टुलावर बसून म्हणाल्या, "शेवटचा एक म्हणजे ही जागा दिली, अशी खूण. शून्य म्हणजे दिलीच नाही. दोन तृतीयांश जागा दिली आणि धाकटा थांबला. जागा मोजायचं थोरल्याचं माप वेगळं आणि धाकट्याचं वेगळं. सगळं मी धाकट्याच्या मापाने बसवलं होतं, एक मोजणी थोरल्याच्या मापाची राहिली."

"बाही नवीन मापाची आणि ती जिथे बसते तो मुंढा जुन्या."

"अगदी तसंच." मग माझ्याकडे न बघता, "आठाऐवजी सात आकडे मीपण आठ दिवस ऐकत होते, मावशी. मी इंजिनियर आहे. तुम्ही एकट्याच चूक घेऊन बसू नका, अर्धी माझी आहे."

"अर्धी नको," मी म्हटलं. "थोडी घ्या."

तेव्हा त्या हसल्या. उठताना म्हणाल्या, "उद्या दुपारी वाचायचंय. आठही."

शनिवारी दुपारी आम्ही चारशे ओळी आठ आठ आकड्यांनी वाचल्या. दोन तास लागले, घसा बसला. सगळ्या जुळल्या. मग बाईंनी चित्र उघडलं. यादी वरपासून खालपर्यंत आली. मंदा, यमुना, लता, वैशाली, सुरेखा. सगळ्यात शेवटी हिरा. ही नावं त्या पडद्यावर आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. बाईंनी एक डोळा मिटून 'हिरा'तली वेलांटी तपासली. म्हणाल्या, "कड सरळ आहे." मला वाटलं रडतील वगैरे. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भूक लागलीय," आणि माझ्याकडे बसून चार पोळ्या खाल्ल्या.

रविवारी केंद्राच्या शिपायाला घरून उठवून आणलं आणि बाई दिवसभर एकेका कॉम्प्युटरवर नवीन काम घालत बसल्या. सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा चौदा कॉम्प्युटरांवर मराठीत मुलींची नावं होती. चार खरंच मेलेले होते, ते टेम्पोत गेले. प्राचार्य प्रत्येक पडद्यासमोर उभे राहिले, हात मागे बांधून. शेवटी म्हणाले, "पार्लरचा वर्ग व्हरांड्यात बसवू." माणूस वाईट नव्हता हे मी आधीच सांगितलंय.

बाईंनी ते काम धाकट्याच्या मंडळींना पाठवून दिलं आणि त्यांनी ते घेतलं. ज्यांचं वाचून समजलं त्यांची नावं वर घातली होती, त्यात मला माझं नाव दाखवलं. इंग्रजीत होतं, आणि माझ्या सहा अक्षरांत ते मला वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, "चूक करणाऱ्यांची नावं घालतात का वर?" त्या म्हणाल्या, "ज्यांनी चूक सांगितली त्यांची घालतात." मी वाद घातला नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक आलं होतं.

पुढे दोन वर्षं त्या माझ्याकडे राहिल्या. नंतर त्या मंडळींच्या ओळखीने त्यांना बंगलोरला नोकरी लागली. जायच्या दिवशी रिक्षा दारात उभी असताना त्या आत आल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि टीव्हीला नाक लावलं. "लाल अजून दमलेलाच आहे. दुरुस्त करून घ्या." मी म्हटलं, "मला लांबून बघायचा असतो." पाया पडायला लागल्या, मी पडू दिलं नाही. मला ते आवडत नाही.

दिवाळीला फोन असतो. मागे एकदा म्हणाल्या, "मावशी, धाकट्यातून आपलं काम काढून टाकलं. ती चिप आता कोणाकडेच उरली नाही."

"वाईट वाटतंय का?"

"नाही. थोडं."

"माझी पहिली दोन हजार ब्लाऊजं आता पुसायलासुद्धा कोणाकडे नसतील," मी म्हटलं. "घालणाऱ्या घालून झाल्या ना, मग झालं."

यादीतली शेवटची हिरा, बाईंना वही दाखवायला आमच्या घरी यायची ती, आता कळवणला असाच एक वर्ग चालवते. तिच्या पाहुण्यांचं लग्न आमच्या गल्लीत होतं, तेव्हा तिने मला ओळखलं आणि म्हणाली, "मावशी, माझा वर्ग बघायला या, लय दिवस झाले म्हणतेय." माझा पुतण्या सप्तशृंगी गडावर निघाला होता, त्याच्या गाडीतून मी कळवणला उतरले. नवे कॉम्प्युटर, पातळ पडदे. मुली दोघी दोघी बसल्या होत्या. एक कागदावरचे आकडे वाचत होती, दुसरी परत बोलून टाईप करत होती. सगळ्या खोलीत नुसता गलका. मी दारातच उभी राहिले. माझ्या जवळची मुलगी जरा घाईत होती. तिच्या जोडीदारणीने तिच्या हातावर चापट मारली.

"शेवटचा आकडा खाऊ नको गं!"

"अगं, सगळीकडे शून्यच आहे."

"आसू दे. तरी बोलायचा. नियम हाय."

मी त्यांना विचारलं, "कोणाचा नियम?"

"हिरा मॅडमचा."

"त्यांना कोणी सांगितला?"

"त्यांच्या बाईंनी. लय हुशार होत्या म्हणे."

"होत्या," मी म्हटलं. "आणि तो आकडा मी खाल्ला होता."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. म्हातारी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं असणार. मग वाचणारीने ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आजी, जरा बाजूला व्हा ना, उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.